तेरीज जुळली, पण पिग्मी कुठं आहे?

आमची सोसायटी वेदगंगेच्या काठची, निपाणी तालुक्यातली. मुख्य कचेरी गावात, शाखा निपाणी, चिकोडी आणि बेळगावला. सभासद म्हणजे ऊस-तंबाखूचे शेतकरी, वखारीत काम करणाऱ्या बायका, घरी विड्या वळणाऱ्या, आठवडी बाजारात माळवं घेऊन बसणारे. सोनेतारण, पीककर्ज, सेव्हिंग, मुदत ठेव हे सगळं आहेच, पण सोसायटीचा जीव पिग्मीत आहे. एजंट सकाळी मशीन घेऊन बाहेर पडतात, दारोदारी वीस-पन्नास-शंभर रुपये गोळा करतात आणि संध्याकाळी कचेरीत येऊन भरणा करतात. ही पद्धत आपल्या भागाला नवी नाही. उडुपीच्या ज्या बँकेला पुढं सिंडिकेट बँक म्हणून देशानं ओळखलं, तिनं १९२८ मध्ये दिवसाला दोन आण्यांपासून ती सुरू केली होती. तिथून ती कर्नाटकभर पसरली आणि सोसायट्यांनी उचलली.

या सगळ्या खात्यांचा हिशेब एका सर्व्हरमध्ये आहे आणि संगणकाचं काम माझ्याकडं आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात वेदगंगा आणि दूधगंगा दोन्ही पात्राबाहेर गेल्या, यमगर्णीजवळ हायवेवर पाणी आलं आणि कोल्हापूरची वाट बंद झाली. कचेरीत पाणी शिरायच्या आत सर्व्हर उचलून पहिल्या मजल्यावर नेला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तीच धावपळ. त्यानंतरच्या बैठकीत चेअरमनअण्णांनी विचारलं, ‘‘समजा तो डबा पाण्यात गेला असता, तर लोकांचं पैसं किती आणि कुणाचं, हे आपण सांगू शकलो असतो का?’’

त्या वेळची व्यवस्था अशी होती. बँकिंगच्या सॉफ्टवेअरमध्येच बॅकअपचं एक बटण होतं. डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद झाला की कॅशियर ते दाबायचे, त्याच सर्व्हरच्या डी ड्राइव्हवर एक फाइल तयार व्हायची आणि आठवड्यातून एकदा ती पेन ड्राइव्हवर जायची. पेन ड्राइव्ह त्याच कचेरीच्या कपाटात. ती फाइल दुसऱ्या कुठल्या मशिनवर उतरवून पाहिल्याचं कुणाच्याच आठवणीत नव्हतं.

आमचा डेटाबेस, म्हणजे सगळ्या नोंदींचा साठा, मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या सॉफ्टवेअरचा, एक्सप्रेस आवृत्तीतला. ही आवृत्ती फुकट मिळते, म्हणून लहान सोसायट्यांना ती परवडते. पण तिला मर्यादा आहेत. २०२२ च्या आवृत्तीपर्यंत एका डेटाबेसला १० जीबीची हद्द आहे, आणि ठरल्या वेळी आपोआप काम करणारा ‘एजंट’ तिच्यात नाही. म्हणजे रात्री अकरा वाजता बॅकअप घे, असं तिला आतून सांगता येत नाही. बाहेरून कुणीतरी सांगावं लागतं. शिवाय डेटाबेस चालू असताना त्याच्या मूळ फायली साध्या कॉपीनं उचलता येत नाहीत, कारण सर्व्हरनं त्या धरून ठेवलेल्या असतात. सर्व्हर बंद करून कॉपी करता येते, पण रोज रात्री ते करायला माणूस लागतो आणि माणूस कधीतरी विसरतो.

म्हणून बॅकअपच्या सॉफ्टवेअरलाच स्क्रिप्ट, म्हणजे ओळीनं लिहिलेल्या आदेशांची फाइल, जोडायची ठरवली. डुप्लिकाटी हे मोफत सॉफ्टवेअर निवडलं. ते फायली एईएस-२५६ या सांकेतिक पद्धतीनं कुलूपबंद करतं, बदल न झालेला भाग पुन्हा पाठवत नाही, आणि काम सुरू करण्याआधी व संपल्यावर आपली स्क्रिप्ट चालवतं. विचार साधा होता. आधी स्क्रिप्टनं एसक्यूएल सर्व्हरला सांगायचं की डेटाबेसची सुसंगत प्रत एका फोल्डरमध्ये काढ, आणि मग डुप्लिकाटीनं ते फोल्डर बेळगाव शाखेतल्या स्टोरेजवर आणि क्लाउडवर न्यायचं. बेळगाव एवढ्यासाठी की ते पठारावर आहे, वेदगंगेचं पाणी तिथं पोचत नाही. जाणकार ३-२-१ म्हणतात, म्हणजे तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. नदीकाठच्या माणसाला त्यातला शेवटचा आकडा सगळ्यात आधी पटतो.

स्क्रिप्ट लांबलचक नव्हती, पण तिच्या प्रत्येक ओळीला काही ना काही कारण आहे.

पहिला अडथळा परवानगीचा. बॅकअपचा आदेश दिला की ‘ऑपरेटिंग सिस्टम एरर ५, ॲक्सेस इज डिनाइड’. मी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून बसलोय, फोल्डर माझं आहे, मग नकार कसला? फाइल मी लिहीत नसतो, एसक्यूएल सर्व्हरची सेवा लिहिते, आणि ती सेवा स्वतःच्या वेगळ्या खात्यानं चालते. त्या खात्याला फोल्डरवर लिहिण्याचा हक्क दिला आणि काम पुढं सरकलं.

दुसरी गोष्ट यापेक्षा गंभीर. स्क्रिप्टमधून डेटाबेसला आदेश देणारं जे साधन आहे, एसक्यूएलसीएमडी, त्याला ‘बी’ हा पर्याय दिला नाही तर आत चूक होऊनही ते बाहेर शून्य परत करतं. शून्य म्हणजे सगळं ठीक. म्हणजे डेटाबेसची प्रत निघालीच नाही तरी डुप्लिकाटीला वाटणार काम झालं, आणि ते कालचीच फाइल पाहून हिरवी खूण दाखवणार. ‘बी’ लावला की गंभीर चुकीला शून्याऐवजी एक परत येतो. डुप्लिकाटीच्या बाजूनंही ‘रन-स्क्रिप्ट-बिफोर’ आणि ‘रन-स्क्रिप्ट-बिफोर-रिक्वायर्ड’ असे दोन पर्याय आहेत. दुसरा निवडला तर स्क्रिप्ट फसल्यावर बॅकअप तिथंच थांबतो. माझ्या मते डेटाबेससाठी दुसराच निवडावा. बॅकअप झाला नाही हे कळणं, चुकीचा बॅकअप झाला हे न कळण्यापेक्षा केव्हाही परवडतं.

तिसरं वेळेचं. डुप्लिकाटी स्क्रिप्टला मुळात ६० सेकंद देतं. आमच्या डेटाबेसमध्ये सभासदांचे फोटो आणि सह्यांचे नमुनेही साठवलेले आहेत, त्यामुळं प्रत निघायला मिनिटाच्या वर वेळ लागतो. ही मर्यादा अर्ध्या तासावर नेली.

आणि चौथं, जे मला सगळ्यात धोक्याचं वाटलं. ही स्क्रिप्ट फक्त बॅकअपच्या वेळी चालत नाही. डुप्लिकाटीनं कुठलंही काम हाती घेतलं, अगदी जुनी प्रत परत उतरवायचं असलं, तरी ती आधी चालते. कल्पना करा, डेटाबेस बिघडलाय, आपण कालची प्रत मागतोय, आणि स्क्रिप्ट आधी त्या बिघडलेल्या डेटाबेसची नवी प्रत काढून फोल्डरमधल्या चांगल्या प्रतीवर लिहून मोकळी होतेय! डुप्लिकाटी स्क्रिप्टला चालू कामाचं नाव कळवतं. ते ‘बॅकअप’ असेल तरच पुढं जा, नाहीतर काही न करता बाहेर पड, अशी अट पहिल्याच ओळीत घातली.

प्रत काढताना ‘चेकसम’ लावला, म्हणजे डिस्कवरचं पान खराब असेल तर सर्व्हर तिथंच ओरडतो. त्यामागून ‘रिस्टोअर व्हेरिफायओन्ली’ चालवलं. ही तपासणी फाइल पूर्ण आहे आणि वाचता येते एवढं सांगते. आतला हिशेब बरोबर आहे की नाही, हे तिला ठाऊक नसतं. ते माणसानंच बघावं लागतं, आणि मी पुढं जे सांगतोय ते त्याबद्दलच आहे.

सांगाव्याची व्यवस्थाही केली. बॅकअप झाला की मेल, नाही झाला तरी मेल. आणि मेलच आला नाही तर तो बिघाड समजायचा, असं सेक्रेटरीसाहेबांशी ठरवून घेतलं. याला कारण आहे. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीचा चालू डेटाबेस चुकून पुसला गेला, आणि बॅकअप शोधायला गेल्यावर कळलं की बॅकअपचा आदेश जुन्या आवृत्तीच्या साधनानं चालत होता आणि दर वेळी फसत होता. फसल्याचे मेल निघत होते, पण ते पोचण्याआधीच नाकारले जात होते. त्यांचा साधारण सहा तासांचा डेटा कायमचा गेला. त्यांनी हे सगळं स्वतःहून जगापुढं मांडलं. मी ते वाचलं नसतं तर ‘मेल आला नाही म्हणजे सगळं बरं चाललंय’ असंच आम्ही धरलं असतं.

सगळं सुरळीत चालू लागल्यावर सेक्रेटरीसाहेब म्हणाले, ‘‘आता झालं की काम.’’ मी म्हटलं, ‘‘साहेब, अजून अर्धंच झालंय. हे दुसऱ्या मशिनवर उतरवून तुमची तेरीज जुळवून दाखवतो, मग झालं म्हणा.’’ तेरीज म्हणजे सगळ्या खात्यांच्या एकूण बाक्यांचा गोषवारा.

बेळगाव शाखेत एक जुना पीसी पडून होता. त्यावर कोरं विंडोज टाकलं आणि सर्व्हर पुरात गेलाय असं धरून सुरुवात केली. म्हणजे मुख्य कचेरीतून पडताळ्याच्या छापील तेरजेशिवाय काहीही आणायचं नाही, कुणाला फोन करून विचारायचं नाही. डुप्लिकाटी उतरवून घेतलं, ‘बॅकअप फायलींतून थेट रिस्टोअर’ निवडलं, आणि त्यानं परवलीचा शब्द मागितला. हा शब्द हरवला तर क्लाउडवरची प्रत कुणालाच, अगदी आपल्यालाही, उघडता येत नाही. तो कागदावर लिहून, पाकीट सील करून सोनेतारणाच्या तिजोरीत ठेवलाय आणि तसंच दुसरं पाकीट बेळगाव शाखेच्या तिजोरीत. तिजोरीला दोन किल्ल्या, दोघांकडं. शाखेचे मॅनेजर आणि कॅशियर दोघंही हजर असल्याशिवाय ते पाकीट निघत नाही, आणि तसंच असायला हवं.

फाइल आली. डेटाबेस उतरवायला गेलो तर मूळ फायलींचा पत्ता डी ड्राइव्हचा, आणि या पीसीला डी ड्राइव्हच नाही. ‘रिस्टोअर फाइललिस्टओन्ली’नं आतल्या फायलींची नावं काढली आणि ‘विथ मूव्ह’ देऊन त्या सी ड्राइव्हवर बसवल्या. एसक्यूएल सर्व्हरची आवृत्ती मुद्दाम तीच ठेवली होती, कारण नव्या आवृत्तीची प्रत जुन्या आवृत्तीवर उतरत नाही.

डेटाबेस उभा राहिला, पण सॉफ्टवेअर आत घेईना. डेटाबेसमधला वापरकर्ता सोबत आला होता, त्याचं सर्व्हरवरचं लॉगिन मात्र सर्व्हरची स्वतःची माहिती ठेवणाऱ्या मास्टर डेटाबेसमध्ये, म्हणजे तिकडंच राहिलं होतं. लॉगिन नव्यानं तयार करून ‘ऑल्टर युजर’नं दोघांची जोडी लावली. मग एक रिपोर्ट कोलेशन जुळत नाही म्हणून अडला. अक्षरांचा क्रम आणि तुलना कशी करायची याचा नियम मूळ सर्व्हरवर एक होता आणि या पीसीवर विंडोजच्या प्रांतानुसार दुसराच बसला होता. एसक्यूएल सर्व्हर काढून मूळच्याच कोलेशननं पुन्हा बसवला. ही नोंद आता कागदावर पहिल्या पानावर आहे, कारण ती नंतर बदलायची म्हणजे फार वेळ जातो.

सीमाभागातल्या सोसायटीलाच पडणारी एक अडचणही पुढं आली. सभासदांची नवी नावं युनिकोडमध्ये आहेत, ती व्यवस्थित दिसली. पण सुरुवातीच्या काळातली मराठी नावं श्रीलिपीच्या फाँटमध्ये आणि काही कन्नड नावं नुडीच्या फाँटमध्ये भरलेली. त्या फाँटमध्ये साठवलेली अक्षरं मुळात इंग्रजी खुणांच्या जागी बसवलेली असतात. फाँट नसला की नुसत्या वेड्यावाकड्या खुणा दिसतात. सभासद क्रमांक आहे, बाकी आहे, सही आहे, फक्त नाव वाचता येत नाही. तेव्हापासून फाँट, पासबुक छापायचे नमुने आणि सॉफ्टवेअरच्या सेटिंगच्या फायली बॅकअपमध्ये घेतो. आमच्या भागात हे ज्यांच्याकडं असेल त्यांनी आजच बघून घ्यावं. डेटाबेसची प्रत कितीही चोख असली तरी ती नावं वाचून देणार नाही.

मग तेरीज. सेक्रेटरीसाहेबांनी त्या दिवशीची सही-शिक्क्याची छापील तेरीज सोबत दिली होती. एक एक खातं वाचत गेलो. भागभांडवल, सेव्हिंग, मुदत ठेव, पिग्मी, सोनेतारण कर्ज, हातावरची रोख. सगळं पैशासकट जुळलं. शाखेतल्या क्लार्क ताई कागद धरून बसल्या होत्या, त्यांनी प्रत्येक ओळीवर पेन्सिलीनं टिक केली आणि म्हणाल्या, ‘‘आता खातेवार यादी काढूया की, सर. एकूण जुळली म्हणून भागतंय होय?’’

सेव्हिंगची यादी निघाली. कर्जांची निघाली. पिग्मीची निघेना. पडद्यावर ओळ आली, ‘इनव्हॅलिड ऑब्जेक्ट नेम’, म्हणजे मागितलेला तक्ताच इथं नाही.

शोधल्यावर उलगडा झाला. एजंटांच्या मशिनमधून येणारा भरणा एका वेगळ्या, लहानशा डेटाबेसमध्ये जमा होत होता, आणि पिग्मीची खातेवार खतावणी तिथंच राहत होती. डे-एंडला त्यातली फक्त एकूण रक्कम मुख्य डेटाबेसमध्ये येत होती. सॉफ्टवेअरवाल्यांनी दिलेल्या कागदात एकाच डेटाबेसचं नाव होतं. त्यांचं ते बॅकअपचं बटणही त्या एकाचीच प्रत काढत होतं. म्हणजे कित्येक वर्षं कपाटात ठेवलेल्या पेन ड्राइव्हवर पिग्मीचा एकूण आकडा होता, पण त्यातलं कुणाचं किती हे नव्हतं.

ते कळल्यावर आम्ही दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही. मुदत ठेववाल्याकडं पावती असते, कर्जदाराचे कागद फायलीत असतात. पिग्मीवाल्या बाईकडं मशिनमधून निघालेली थर्मल कागदाची चिठ्ठी असते, तिच्यावरची अक्षरं काही काळानं उडून जातात. पोरीच्या लग्नासाठी विड्या वळून साठवलेल्या पैशाचा पुरावा म्हणून कचेरीतल्या त्या एका डिस्कशिवाय दुसरं काही नव्हतं. आणि ती डिस्क पुराच्या पाण्यातून थोडक्यात वाचली होती.

दुसऱ्याच दिवशी स्क्रिप्ट बदलली. आता ती डेटाबेसची नावं आमच्याकडून घेत नाही. सर्व्हरलाच विचारते, तुझ्याकडं कोणकोणते डेटाबेस आहेत, आणि तात्पुरत्या कामाचा टेम्पडीबी सोडून प्रत्येकाची प्रत काढते, मास्टरसुद्धा. उद्या सॉफ्टवेअरवाल्यांनी तिसरा जोडला तर तोही आपोआप येईल. पण दोन डेटाबेस म्हटले की नवा प्रश्न येतो. एकाची प्रत काढून दुसऱ्याची काढेपर्यंत मध्ये भरणा झाला तर दोन्ही प्रती एकमेकींशी जुळणार नाहीत. म्हणून स्क्रिप्ट आधी सगळ्या शाखांचा डे-एंड झाल्याची खूण तपासते. झाला नसेल तर शून्याऐवजी चूक दाखवणारा आकडा परत करून थांबते, मेल जातो, आणि डुप्लिकाटी पुढच्या ठरल्या वेळी पुन्हा प्रयत्न करतं. पुढच्या वेळी बेळगावला दोन्ही डेटाबेस उतरवले तेव्हा ताईंनी पिग्मीची खातेवार यादी काढून तिची बेरीज तेरजेतल्या आकड्याशी लावली. जुळली. मग यादीतली आपल्याच गल्लीतल्या काही खातेदारांची नावं त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवली.

या सगळ्याचा खरा उपयोग पूर नसतानाच झाला. सॉफ्टवेअरच्या एका अपडेटनंतर सोनेतारणाच्या काही खात्यांवर व्याज दुबार पडलं. कळलं तोवर दुपार झाली होती आणि सगळ्या शाखांत व्यवहार सुरू होते. कुणीतरी सुचवलं, कालची प्रत उतरवून टाका. मी नको म्हटलं. चालू डेटाबेसवर कालची प्रत टाकली तर सकाळपासूनचा प्रत्येक भरणा पुसला जाईल, आणि तो लोकांनी काउंटरवर रोख मोजून दिलेला होता. त्याऐवजी कालची प्रत बेळगावच्या पीसीवर दुसऱ्या नावानं उभी केली, दोन्हींतली सोनेतारण खाती शेजारी शेजारी ठेवली, फरकाची यादी काढली आणि तेवढ्याच खात्यांना उलट नोंदीची व्हाउचरं करून सेक्रेटरीसाहेबांची सही घेतली. ऑडिटरना मूळ नोंदही दिसते आणि दुरुस्तीही. खाडाखोड कुठंच नाही.

आता दर महिन्याला एकदा बेळगावला प्रत उतरते, तेरीज आणि पिग्मीची यादी दोन्ही तपासून ताई सही करतात. उतरवलेल्या प्रतीवरच ‘चेकडीबी’ ही डेटाबेस आतून धड आहे का बघणारी तपासणी चालवतो, म्हणजे मूळ सर्व्हरला त्रास होत नाही. कामाची पायरीवार माहिती मी मराठीत लिहून दिली आहे. गेल्या वेळी मी मुद्दाम गेलो नाही, ताईंनी कागद बघून एकटीनं सगळं उतरवलं. त्यांना जिथं अडलं तिथं कागदात भर घातली.

राहिलं आहे ते दिवसभराचं. रात्रीची प्रत रात्रीपर्यंतचंच सांगते, सर्व्हर दुपारी चारला गेला तर सकाळपासूनचा व्यवहार व्हाउचरवरून पुन्हा भरावा लागेल. डेटाबेस ‘फुल रिकव्हरी’ या पद्धतीवर नेऊन दर पंधरा मिनिटांनी लॉगची, म्हणजे झालेल्या बदलांच्या नोंदीची, प्रत काढली तर तोही धोका बराच कमी होतो. एक्सप्रेसमध्ये ते करता येतं, फक्त लॉगची प्रत नियमित निघाली नाही तर लॉगची फाइल वाढत जाऊन डिस्क भरते, म्हणून त्यावर लक्ष ठेवणारी वेगळी स्क्रिप्ट लागेल. त्यासाठी वेगळी डिस्क मागितली आहे. विषय पुढच्या बैठकीच्या अजेंड्यावर आहे.